अद्भुत आणि विज्ञान यांच्या सीमेवरील संपादक : अनंत अंतरकर व बाळ फोंडके यांच्या संपादनकार्याचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मराठी विज्ञानकथेचा इतिहास आजवर प्रामुख्याने लेखकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. आरंभीच्या भाषांतरांचा उल्लेख, भा. रा. भागवत यांनी कुमार वाचकांसाठी केलेली ज्यूल व्हर्नची रूपांतरे, त्यानंतर जयंत नारळीकर यांचे आगमन आणि त्यांच्या पाठोपाठ आलेली कथाकारांची पिढी, असा या इतिहासाचा परिचित क्रम आहे. या क्रमात लेखक आहेत, ग्रंथ आहेत, पुरस्कारही आहेत. संपादक मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक कोणताही साहित्यप्रकार केवळ लेखनाने सिद्ध होत नाही. त्याला नाव द्यावे लागते, त्याची जागा ठरवावी लागते, त्यात काय बसते आणि काय बसत नाही याचा निवाडा कोणीतरी करावा लागतो. हे काम संपादक करतो.

प्रस्तुत लेखात मराठीतील दोन संपादकांच्या कार्याचा विचार केला आहे. पहिले अनंत अंतरकर. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांचे ते संस्थापक-संपादक होते. दुसरे डॉ. बाळ फोंडके. ते वैज्ञानिक, विज्ञानकथाकार आणि भारतीय भाषांतील विज्ञानकथांच्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ (१९९३) या संग्रहाचे संपादक. या दोघांच्या कार्यात चार दशकांचे अंतर आहे आणि दृष्टिकोनातही तेवढेच अंतर आहे. या अंतरातच मराठीतील अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांची फारकत झाली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संपादकाची अदृश्यता : काही तुलनात्मक संदर्भ

इंग्रजी साहित्यात विज्ञानकथेच्या संपादकाचे स्थान तुलनेने स्पष्ट आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले आणि विखुरलेल्या लेखनाला एक घर मिळाले. जॉन डब्ल्यू. कॅम्बेल यांनी १९३७ पासून १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘अस्टाउंडिंग’ (पुढे ‘अ‍ॅनालॉग’) या मासिकाचे संपादन केले. आयझॅक असिमोव्ह यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले यंत्रमानवाचे तीन नियम आपल्या कथांतून कॅम्बेल यांनीच प्रथम वेगळे काढून दाखवले, असे स्वतः असिमोव्ह सांगत असत. संपादकाची निर्मितीक्षमता कोठवर जाऊ शकते याचे हे ठळक उदाहरण होय.

मासिकांच्या संपादकांनंतर ग्रंथांचे संपादक आले. डोनाल्ड वॉल्हाइम यांनी १९४३ मध्ये स्वस्त कागदी बांधणीतील विज्ञानकथासंग्रह संपादित केला आणि १९७१ मध्ये केवळ याच प्रकाराला वाहिलेली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ज्यूडी-लिन डेल रे आणि त्यांचे पती लेस्टर डेल रे यांच्या नावाने १९७७ मध्ये बॅलंटाइन प्रकाशनाची स्वतंत्र ग्रंथमाला निघाली. ज्यूडी-लिन विज्ञानकथा पाहत, लेस्टर अद्भुतिका पाहत. एकाच छत्राखाली दोन्ही प्रकार राहिले, पण निवडीच्या कसोट्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. १९८६ मध्ये ज्यूडी-लिन यांच्या निधनानंतर त्यांना सर्वोत्कृष्ट संपादकाचा ह्यूगो पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा लेस्टर यांनी तो नाकारला. हयातीत न मिळालेला मान केवळ मृत्यूमुळे मिळावा, हे त्यांना मान्य नव्हते. जेथे संपादकाची दखल घेतली जाते तेथेही ती उशिरा घेतली जाते, हे या प्रसंगातून दिसते.

भारतीय भाषांपैकी बंगालीचे उदाहरण मराठी अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे आहे. अद्रीश वर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथेला वाहिलेले मासिक सुरू केले. १९७५ मध्ये ‘फॅन्टास्टिक’ हे दुसरे नियतकालिक काढले. ‘कल्पविज्ञान’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. या संज्ञेत कल्पना आधी आहे, विज्ञान नंतर. मराठीत स्थिरावलेल्या ‘विज्ञानकथा’ या संज्ञेत कल्पनेचा उल्लेखच नाही. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु नावामागे संपादकीय भूमिका असते आणि ती भूमिका पुढील लेखनाला वळण लावते. बंगालीत चमत्कृतीला जी मोकळीक मिळाली ती मराठीत का मिळाली नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे शोधता येते.

अनंत अंतरकर : रसानुसारी संपादन

मराठी गद्यात अद्भुताची परंपरा नवी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’चे भाषांतर आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) या दोहोंचा मराठी कथात्म गद्याच्या आरंभकाळावर ठसा आहे. पुढे ह. ना. आपटे यांच्या वास्तववादी कादंबरीने वाङ्मयीन प्रतिष्ठेचे मापदंड बदलले आणि अद्भुत हे रंजनाच्या, म्हणजेच कनिष्ठ मानल्या गेलेल्या दालनात गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास या दालनाचे दार पुन्हा उघडण्याचे काम ज्यांनी केले त्यांत अनंत अंतरकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अंतरकर (१९११–१९६६) यांचा ‘सत्यकथे’च्या आरंभीच्या काळाशी संपादक म्हणून संबंध होता. १९४६ मध्ये त्यांनी ‘हंस’ सुरू केले आणि पुढील काही वर्षांत ‘मोहिनी’ व ‘नवल’ ही मासिके काढली. एकाच संपादकाने तीन मासिके चालवणे हे व्यवसायाच्या दृष्टीने धाडसाचे होतेच. पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की या तीन मासिकांची विभागणी एका निश्चित तत्त्वावर झाली होती. ‘हंस’ हे ललित साहित्याचे, ‘मोहिनी’ हे विनोदाचे, तर ‘नवल’ हे अद्भुत, गूढ, भय, साहस आणि विज्ञान यांचे.

ही विभागणी विषयानुसार नाही, रसानुसार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुताचा आणि भय हा भयानकाचा स्थायी भाव सांगितला आहे. ‘नवल’ या शीर्षकातच विस्मय आहे. विस्मय किंवा भय जागवणारी कथा भुताची आहे, परग्रहाची आहे, की एखाद्या प्रयोगशाळेतील अपघाताची आहे, याने ‘नवल’मधील तिच्या प्रवेशाला बाध येत नव्हता. वाचकाच्या मनात काय घडते, ही तेथील कसोटी होती. अंतरकरांनी रससिद्धान्त समोर ठेवून मासिके काढली असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या व्यवहारातून जे वर्गीकरण सिद्ध झाले ते पाश्चात्त्य साहित्यप्रकारांपेक्षा भारतीय रसविचाराला अधिक जवळचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या धोरणाचे दोन परिणाम झाले. एक, परभाषांतील, विशेषतः इंग्रजीतील, रहस्य, भय व विज्ञान या तिन्ही प्रकारांतील कथा भाषांतर-रूपांतराच्या वाटेने एकाच वाचकापर्यंत पोहोचल्या. त्यामुळे या तीन प्रकारांत पोलादी भिंत आहे असे त्या वाचकाला कधी वाटले नाही. दोन, ‘हंस’ आणि ‘नवल’ यांचा संपादक एकच असल्याने गंभीर ललित लेखन व अद्भुत लेखन यांच्यात किमान संपादकाच्या मेजावर तरी उच्चनीचता राहिली नाही. जी. ए. कुलकर्णी यांचा अंतरकर पिता-पुत्रांशी पत्रव्यवहार होता, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज्यांच्या कथाविश्वात रूपक, दृष्टान्त आणि अद्भुत एकजीव झाले आहेत, त्या लेखकाला या मासिकांचे वातावरण परके वाटले नाही.

मर्यादाही स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. रस ही कसोटी मानली की विज्ञानाच्या अचूकतेचा आग्रह सैल होतो. यंत्र हे जादूच्या कांडीचे दुसरे रूप ठरते. शिवाय, भाषांतर व रूपांतर यांच्यातील सीमारेषा त्या काळच्या एकूणच मराठी नियतकालिक-व्यवहारात पुसट होती. मूळ लेखकाचा ठळक निर्देश करण्याची शिस्त सार्वत्रिक नव्हती. परिणामी स्वतंत्र मराठी विज्ञानकथा कोठे सुरू झाली आणि रूपांतर कोठे संपले, याचा निर्णय अभ्यासकाला आज कष्टानेच करावा लागतो.

स्पर्धा हीच संपादक : मराठी विज्ञान परिषदेचे वळण

१९६६ मध्ये, म्हणजे अंतरकरांच्या निधनाच्याच वर्षी, मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. हा योगायोग असला तरी कालखंडाची सीमारेषा आखण्यास सोयीचा आहे. परिषदेचे उद्दिष्ट मराठीतून विज्ञानाचा प्रसार हे होते आणि त्या उद्दिष्टाचा एक भाग म्हणून १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू झाली. १९७४ मध्ये या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे टोपणनाव घेणारे लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. परीक्षकांवर कीर्तीचा प्रभाव पडू नये हा त्यामागील हेतू होता. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती.

ही आख्यायिका नेहमी लेखकाच्या विनयशीलतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे संपादनाच्या दृष्टीने पाहिले तर वेगळा अर्थ हाती लागतो. येथे कथेची निवड एखाद्या मासिकाच्या संपादकाने नव्हे, तर विज्ञानप्रसार हे ध्येय असलेल्या संस्थेच्या परीक्षकांनी केली. स्पर्धेची अट हीच संपादकीय भूमिका ठरली. ‘नवल’च्या संपादकासमोर प्रश्न होता तो कथा वाचकाला चकित करते का, हा. परिषदेच्या संदर्भात कथेतील विज्ञान प्रमाण आहे का आणि त्यातून वैज्ञानिक दृष्टी वाढीस लागते का, हे प्रश्न पुढे आले. नारळीकर स्वतः कथेतील विज्ञान सुसंगत असले पाहिजे याबाबत आग्रही राहिले.

१९७५ मध्ये कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकाने नारळीकरांच्या कथांना जागा दिली आणि १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध केला. मौजेसारख्या साक्षेपी संपादनासाठी ख्यात असलेल्या संस्थेने हा संग्रह काढणे म्हणजे विज्ञानकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठेचा शिक्का मिळणे होते. पुढे २०२१ मध्ये नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रतिष्ठेचा लाभ संपूर्ण पिढीला झाला. परंतु प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. विज्ञानकथा ‘नवल’च्या घरातून बाहेर पडली, सुशिक्षित झाली आणि आपल्या जुन्या शेजाऱ्यांशी तिचे जाणेयेणे कमी झाले.

बाळ फोंडके : वैज्ञानिकाचे संपादन

या नव्या व्यवस्थेतून घडलेले संपादक म्हणजे डॉ. बाळ (गजानन पुरुषोत्तम) फोंडके. १९३९ मध्ये जन्मलेल्या फोंडके यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राच्या क्षेत्रात दीर्घकाळ संशोधन केले. १९८० च्या दशकात ते ‘सायन्स टुडे’ या इंग्रजी मासिकाचे संपादक झाले, त्यानंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त विज्ञान-संपादक म्हणून त्यांनी काम केले आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन व माहिती संचालनालयाचे ते संचालक झाले. ‘सायन्स रिपोर्टर’ हे मासिक आणि भारतीय नैसर्गिक संपत्तीचा ‘वेल्थ ऑफ इंडिया’ हा कोश ही याच संचालनालयाची प्रकाशने. ‘चिरंजीव’, ‘खिडकीलाही डोळे असतात’ अशा पुस्तकांमुळे मराठी वाचकाला ते कथाकार म्हणून अधिक परिचित आहेत.

या कारकिर्दीचा क्रम महत्त्वाचा आहे. संशोधक, विज्ञान-पत्रकार, शासकीय प्रकाशनाचे प्रमुख आणि कथाकार या चारही भूमिका एका व्यक्तीत एकवटल्या. अंतरकर साहित्याच्या व्यवसायातून विज्ञानकथेकडे आले होते. फोंडके विज्ञानाच्या व्यवसायातून साहित्याकडे आले. एकाची जबाबदारी वर्गणीदार वाचकाशी होती. दुसऱ्याची सार्वजनिक संस्थेशी. संपादकाचे उत्तरदायित्व कोणाशी आहे यावर त्याची निवड ठरते, हे सूत्र येथे पडताळून पाहता येते.

‘इट हॅपन्ड टुमॉरो’ : निवडीचे राजकारण आणि निवडीचे सामर्थ्य

नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या इंग्रजी संग्रहात १९ कथा आहेत. पुढे तो ‘बीता हुआ भविष्य’ या नावाने हिंदीतही आला. तमिळमधील सुजाता, कन्नडमधील राजशेखर भूसनूरमठ, हिंदीतील देवेंद्र मेवाडी व अरविंद मिश्र यांच्या शेजारी मराठीतील जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे, शुभदा गोगटे आणि स्वतः संपादक यांच्या कथा येथे एकत्र येतात.

या संग्रहाचे पहिले श्रेय असे की ‘भारतीय विज्ञानकथा’ ही कल्पना त्याने दृश्य स्वरूपात मांडली. तोवर प्रत्येक भाषेतील लेखक आपापल्या नियतकालिकांच्या मर्यादेत लिहीत होते. कानडी लेखकाला मराठी कथेची आणि मराठी लेखकाला तमिळ कथेची कल्पना नसे. दोघांचीही नजर थेट लंडन-न्यूयॉर्ककडे असे. एका मुखपृष्ठाखाली आल्यावर या कथा एकमेकींशी बोलू लागतात. मुंबईत बर्फ पडू लागल्याची कल्पना करणारी नारळीकरांची हिमयुगाची कथा इतर भाषांतील कथांशेजारी वाचताना, भारतीय लेखकाला आपत्तीचे चित्र ओळखीच्या शहरात रंगवावेसे वाटते हे ध्यानात येते. एकेकटी कथा वाचून ही गोष्ट उमगत नाही.

दुसरे, या संग्रहातील मराठी लेखकांची संख्या अन्य भाषांच्या तुलनेत ठळकपणे अधिक आहे. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. संपादक मराठी असल्याने त्याची परिचयाची भाषा झुकते माप घेऊन गेली, हा एक अर्थ. १९७० नंतर स्पर्धा, दिवाळी अंक आणि ग्रंथप्रकाशन यांची जी साखळी महाराष्ट्रात उभी राहिली तिच्यामुळे मराठीतील विज्ञानकथा खरोखरच अधिक संघटित होती, हा दुसरा. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. संपादकाने स्वतःची कथा समाविष्ट करण्यावरही आक्षेप घेता येईल. पण तशी प्रथा अनेक संग्रहांत आढळते आणि फोंडके यांचे कथाकार म्हणून स्थान पाहता ती वगळणे हे अपुरेपणाचे ठरले असते. आक्षेपाचा खरा मुद्दा निराळा आहे.

तो मुद्दा असा. संग्रहाची वृत्ती विज्ञानाधिष्ठित आहे. या कसोटीमुळे संग्रहाला एकसंधता लाभते, वर्गात शिकवण्यास तो सोयीचा होतो आणि परदेशी अभ्यासकापुढे भारतीय विज्ञानकथेचे सुविहित रूप उभे राहते. परंतु याच कसोटीमुळे विज्ञान आणि अद्भुत यांच्या सीमेवर उभे राहून लिहिणाऱ्यांना येथे जागा उरत नाही. समीक्षक डार्को सुविन यांनी १९७० च्या दशकात विज्ञानकथेची व्याख्या करताना परिचित जगाला अपरिचित करून दाखवणे आणि ते बुद्धीला पटेल अशा रीतीने करणे, या दोन अंगांचा समतोल सांगितला होता. मराठी संपादनाने दुसऱ्या अंगावर भर दिला. पहिले अंग, म्हणजे ओळखीचे जग एकाएकी अनोळखी वाटणे, हे दुय्यम ठरले. काही कथांत पात्रांपेक्षा माहिती अधिक बोलते, ती याच कारणाने. संपादकाने जे मागितले, ते लेखकाने दिले.

वगळलेले : धारपांचा प्रश्न

मराठी संपादनातील या भूमिकेची कसोटी पाहायची असेल तर नारायण धारप (१९२५–२००८) यांचे उदाहरण घ्यावे. धारप विज्ञानाचे पदवीधर होते. ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरी, ‘गोग्रामचा चितार’सारखी अद्भुतिका आणि ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेभोवतीच्या भयकथा हे सर्व त्यांनी एकाच लेखणीने लिहिले. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून त्यांनी केलेले ‘लुचाई’ हे रूपांतर मराठी वातावरणात इतके रुजले की अनेक वाचकांना त्याचे परकेपण जाणवले नाही. अंतरकरांच्या रसानुसारी व्यवस्थेत अशा लेखकासाठी सहज जागा होती. विज्ञानाधिष्ठित व्यवस्थेत त्याचे अर्धे लेखन आत आणि अर्धे बाहेर राहते. व्यवहारात मग सगळेच बाहेर राहते.

परिणाम असा की मराठी विज्ञानकथेवरील चर्चेत धारपांचा उल्लेख तळटीपेपुरता होतो आणि भयकथेवरील चर्चा तर विद्यापीठीय पातळीवर फारशी होतच नाही. वाचकांनी मात्र त्यांना सोडले नाही. त्यांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत निघत राहिली आणि २०१८ मधील ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने त्यांच्या कथेची आठवण नव्या पिढीलाही झाली. येथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते. वाचकाने जपलेला लेखक अभ्यासक्रमाबाहेर राहतो तेव्हा दोष सगळा लेखकाच्या दर्जावर ढकलता येत नाही. दालनांची आखणी कोणी केली, हेही विचारावे लागते.

असे असले तरी फोंडके किंवा परिषद यांच्यावर ठपका ठेवून मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. १९७०-८० च्या दशकांत वैज्ञानिक दृष्टिकोन हे सार्वजनिक जीवनातील मूल्य म्हणून प्रस्थापित करण्याचा प्रयत्न सुरू होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले. अशा काळात भूत आणि परग्रहवासी एकाच अंकात छापणे हे विज्ञान-संपादकाला बेजबाबदारपणाचे वाटले असल्यास नवल नाही. अंधश्रद्धेशी झुंजणाऱ्या समाजात अद्भुताची भीती वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु कथेतील भूत म्हणजे श्रद्धेतील भूत नव्हे. वाचक हा भेद जाणतो. त्याच्या या जाणतेपणावर अंतरकरांनी विश्वास ठेवला होता, नंतरच्या व्यवस्थेने तेवढा ठेवला नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

प्रयोगशाळा आणि यंत्रमाग : भिवंडीतून दिसणारा प्रश्न

संपादकाच्या निवडीचा आणखी एक परिणाम कथेच्या स्थळावर होतो. वैज्ञानिक संपादक, वैज्ञानिक परीक्षक आणि बहुधा विज्ञानाचीच पार्श्वभूमी असलेले लेखक, अशी रचना झाल्यावर कथेचे स्थळ प्रयोगशाळा, रुग्णालय, वेधशाळा किंवा संगणककक्ष हे होते. यंत्र येते ते संशोधकाच्या दृष्टीतून येते. शुभदा गोगटे यांच्या ‘यंत्रायणी’सारखी कादंबरी यंत्र आणि समाज यांच्या संबंधाचा प्रश्न उपस्थित करते, परंतु यंत्रावर प्रत्यक्ष राबणाऱ्याचे तंत्रज्ञानविषयक भान या साहित्यात विरळ आहे.

भिवंडीसारख्या शहरातील अध्यापकाला ही उणीव विशेष जाणवावी. येथे यंत्र ही भविष्यातील कल्पना नाही. यंत्रमागाचा खडखडाट हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दैनंदिन अनुभव आहे. अलीकडच्या काळात वाढलेल्या गोदामांनी तंत्रज्ञानाचे आणखी एक रूप शहराच्या वेशीवर आणले आहे. मागावर काम करणाऱ्याच्या घरातील विद्यार्थी वर्गात विज्ञानकथा वाचतो तेव्हा त्या कथेतील यंत्र आणि घरासमोरील यंत्र यांचा मेळ त्याला बसत नाही. वीज गेली की थांबणारे, धागा तुटला की अडणारे, पाळीच्या हिशेबाने माणसाला बांधून ठेवणारे यंत्र हा विज्ञानकथेचा विषय होऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शिवाय या शहरात मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. उर्दूत अद्भुताची परंपरा समृद्ध आहे. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे जे प्रचंड खंड लेखी स्वरूपात आणले, ते संपादन-प्रकाशनाचेच कार्य होते, तोंडी सांगितल्या जाणाऱ्या तिलिस्माला त्यांनी ग्रंथरूप दिले. एकाच बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी असलेल्या या दोन परंपरा एकत्र वाचल्या जाव्यात, यासाठी अंतरकरांची रसानुसारी दृष्टी आणि फोंडके यांची बहुभाषिक दृष्टी या दोहोंची गरज आहे. एकाने प्रकारांमधील भिंती मानल्या नाहीत. दुसऱ्याने भाषांमधील भिंती ओलांडल्या. दोन्ही गोष्टी साधणारा संग्रह मराठीत अद्याप व्हायचा आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मराठी विज्ञानकथेच्या घडणीत संपादकाची भूमिका लेखकाच्या भूमिकेइतकीच निर्णायक आहे. ती वगळून लिहिलेला इतिहास अपुरा ठरतो. दुसरा, अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ने अद्भुत, भय आणि विज्ञान यांना एकत्र ठेवणारी रसानुसारी व्यवस्था उभी केली, विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने आणि त्यानंतर फोंडके यांच्यासारख्या वैज्ञानिक-संपादकांनी विज्ञानाधिष्ठित व्यवस्था उभी केली. पहिल्या व्यवस्थेने वाचक घडवला, दुसरीने प्रतिष्ठा मिळवून दिली. तिसरा, या संक्रमणात धारपांसारखे सीमेवरील लेखक आणि श्रमिकाच्या दृष्टीतून दिसणारे यंत्र, हे दोन्ही दुर्लक्षित राहिले.

२०१९ मध्ये तरुण सेंट यांनी संपादित केलेला दक्षिण आशियाई विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला आणि उपखंडातील विज्ञानकथेकडे नव्याने लक्ष गेले. अशा वेळी मराठीतील कोणत्या कथा पुढे न्यायच्या याची निवड करणारा जाणकार हवा. आणि निवडीसाठी जुने अंक हाताशी हवेत. मासिकांचे अंक हे ग्रंथांप्रमाणे जपले जात नाहीत. ‘नवल’चे जुने अंक किंवा स्पर्धांतील पारितोषिकप्राप्त कथा ज्या ग्रंथालयांत असतील तेथून त्यांची सूची करणे, हे महाविद्यालयीन मराठी विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका लघुप्रकल्पाचा तो विषय होऊ शकेल. संपादकाचे काम त्याने छापलेल्या पानांत असते; ती पाने नष्ट झाली तर त्याने काय स्वीकारले हेच कळणार नाही, मग त्याने काय नाकारले याचा विचार तर दूरच राहील.